तिच्या डोळ्यांतले दोघे

१

आधीच सांगून टाकतो, फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मी शिकायला गेलो ते लोकांना छळायला. कला वगैरे सगळं नंतरचं. जन्मभर कोट शिवले, पाटलोणी उसवल्या, गिऱ्हाइकांना 'मंगळवारी या' म्हणून चार-चार मंगळवार चालवलं. सातवीनंतर हातात वही धरली ती फक्त मापांची. दुकान बंद केलं तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता काहीतरी शिका, दिवसभर आईच्या डोक्यावर मिऱ्या वाटू नका." आणि तिने तिचा जुना लॅपटॉप पाठवून दिला. कॅमेऱ्याचा नाद मला लग्नाच्या आधीपासूनचा. एक कॅमेरा मेला की दुसरा आणायचा, आणि त्याच्यासमोर बायकोला बसवायचं. दुसरं कुणी इतका वेळ गप्प बसत नाही.

लायब्ररीच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला क्लास असायचा. आम्ही सहा म्हातारे आणि शिकवणाऱ्या बाई. बाई वयाने माझ्या मुलीहून लहान, पण आवाज असा की पडद्यावरचा बाणसुद्धा ताठ उभा राहावा. पहिल्या पंधरा दिवसांत मी एका माणसाचं डोकं कापून दुसरीकडे चिकटवायला शिकलो. मग निवृत्त पोस्टमनचं मुंडकं बोकडाला लावलं आणि खालच्या नोटीस बोर्डावर टाचलं. पोस्टमन चिडेल म्हणून मी जिन्याखाली लपून बसलो होतो. त्याने शांतपणे टाचणी काढली, कागदाची घडी केली, आणि बायकोला दाखवायला घरी घेऊन गेला. असली माणसं मजा घालवतात.

दाताच्या डॉक्टरचं तसंच. तोही आमच्याच क्लासला. त्याच्या हसऱ्या फोटोतले पुढचे दोन दात मी उपटले आणि तो फोटो त्याच्याच दवाखान्याच्या दारावर चिकटवला. तर म्हणतो, "हात साफ आहे हो तुमचा." मोठेपणाने. मला तो मनुष्य कधीच आवडला नाही. त्याचा कॅमेरा भारी, त्याचे केस दाट, आणि दर वेळी बाई त्याच्याच फोटोपाशी थांबून "अरे वा" म्हणायच्या. महिनाअखेरीला लायब्ररीच्या भिंतीवर प्रदर्शन होतं, प्रत्येकाचा एक फोटो, माणसाच्या चेहऱ्याचा. मी ठरवलं, आमच्या हिचा असा फोटो लावायचा की दातवाल्याने तोंड मिटून घरी जावं.

२

"डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो," बाई म्हणाल्या. "तो सांभाळा. तो गेला की माणूस मेल्यासारखा दिसतो. आपापला फोटो उघडा आणि डोळा मोठा करा."

माझा फोटो दोनच दिवसांपूर्वीचा, दुपारचा होता. बाहेरच्या खोलीत खिडकीसमोर खुर्ची ठेवून हिला बसवलं होतं, आणि खिडकीकडे पाठ करून मी उभा. निळा स्वेटर, हातात चष्म्याचं रिकामं घर, आणि तोंडावर ते हसू. हसायच्या आधीचं हसू म्हणा. ओठाचा एक कोपरा वर जातो आणि तिथेच थांबतो. त्या हसण्यापायी मी हिच्याशी लग्न केलं.

डोळा मोठा केला. अजून मोठा. बुबुळ बशीएवढं झालं. त्यात आमची खिडकी स्पष्ट दिसत होती, मधल्या आडव्या पट्टीसकट. खिडकीपुढे काळी आकृती, कोपरं वर, तोंडासमोर कॅमेरा.

आणि त्या आकृतीच्या डाव्या हाताला आणखी एक.

तो नुसता उभा होता. हात खाली सोडलेले, माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक असावं तसा.

"बाई," मी म्हटलं, "एका माणसाच्या दोन सावल्या पडतात का डोळ्यात?"

बाई वाकून बघायला लागल्या. "चष्म्याची काच असेल तर प्रतिबिंब दुहेरी होतं कधी कधी."

"चष्मा काढून ठेवला होता."

"मग पडदा असेल, काका."

पडदा त्या दिवशी धुवायला काढला होता. पण हे मी बाईंना सांगितलं नाही. दातवाला मागून डोकावत होता.

३

घरी येऊन पायातल्या चपला न काढताच त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. पाठीशी खिडकी, समोर खुर्ची. डावीकडे काय? मोकळी फरशी. कोटाचा स्टँड पलीकडच्या कोपऱ्यात, दाराआड. दुकानातला लाकडी पुतळा दुकानाबरोबरच दुसऱ्या शिंप्याला देऊन टाकला होता, आणि त्या पुतळ्याला डोकं नव्हतं. याला होतं. त्या दुपारी घरात आम्ही दोघंच. कडी मीच लावली होती, कारण बोकडाचा वचपा काढायला पोस्टमन येईल अशी मला आशा होती.

ही आतल्या खोलीत माझ्या सदऱ्याला बटण लावत बसली होती. दुकानात चाळीस वर्षं काजं आणि बटणं हिनेच केली.

"परवा फोटो काढला तेव्हा कोण आलं होतं गं?"

"कोण येणार?"

"मग तू बघत होतीस कुठे?"

"तुमच्याकडे."

"लेन्सकडे बघ म्हणून मी शंभरदा सांगतो."

"लेन्सशी लग्न लागलंय का माझं?" तिने दाताने दोरा तोडला. "जेवायचंय की असंच भिंतीला टेकून उभं राहायचंय?"

मी हसलो. जेवलोही. पण लॅपटॉप उघडाच होता, आणि घास घेताना मला पडद्यावरची तिची नजर दिसत होती. खरंच ती लेन्सकडे नव्हती. थोडी बाजूला, डावीकडे गेलेली. हातभर अंतरावर कुणी उभा असला तर त्याच्या डोळ्यांत बरोबर जाईल, इतकीच.

४

माणसाला एकदा उसवलेली शिवण दिसली की तो सगळा कोट उलटा करून बघतो. माळ्यावरून बुटांचे तीन खोके उतरवले. लग्नापासूनचे फोटो. लायब्ररीत एकेक करून सगळे लॅपटॉपमध्ये घेतले. बाई म्हणाल्या, "काका, प्रदर्शनाला एकच फोटो द्यायचाय." मी म्हटलं, "निवड करतोय." पोस्टमन म्हणाला, "बोकड संपले वाटतं."

घरी बसून मी फोटोफोटोवर रेघा ओढल्या. बुबुळापासून सरळ रेघ, नजर जाईल तिकडे. हे सॉफ्टवेअरमध्ये शिकवत नाहीत, हे मला कापडावरून येतं. खडूने ओढतो तशीच ओढली, खडू तेवढा नव्हता.

समुद्रावरचा फोटो. डावीकडे. बागेतल्या बाकावरचा. डावीकडे. बसची वाट बघताना, छत्री उलटी झालेली, हसून हसून डोळ्यांत पाणी. डावीकडे. दुकानाच्या पहिल्या दिवशी कात्री हातात घेऊन. डावीकडे. एकूण सत्तेचाळीस फोटो आणि सत्तेचाळीस रेघा, सगळ्या त्याच हातभर अंतरावरून जाणाऱ्या. लहान फोटोंत डोळ्याच्या आत काही दिसत नव्हतं, नुसते दाणे. पण मोठे करून घेतलेले पाच-सहा होते. त्यांत ठिपके होते. दोन.

सगळ्यात जास्त कुठे झोंबलं सांगतो. मुलगी झाली त्या दिवशीचा फोटो. इस्पितळाची खाट, हिच्या कुशीत गुंडाळलेलं गाठोडं, हिचे केस घामाने कपाळाला चिकटलेले. त्या खोलीत नर्सने फक्त मला सोडलं होतं, तेही पाच मिनिटं, तेही भांडून. आणि ही गाठोड्याकडे बघत नाहीये, माझ्याकडेही नाही. माझ्या शेजारी बघतेय. ओठाचा कोपरा वर. असं हसू तर मला वाटायचं माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला सत्तरीत काय सुचतंय. मलाही तेच वाटलं. स्वतःला म्हटलं, अरे, लेन्स सोडून बाजूला बघायची तिची सवय असेल, डोळा किंचित तिरळा असेल, लेन्सचा दोष असेल. पण चार कॅमेरे झाले मधल्या काळात. चारही लेन्स एकाच बाजूला वाकड्या?

भुताबिताचा विचार मनात आला नाही. खोटं कशाला बोलू, मनात एकच गोष्ट आली. चाळीस वर्षं ही कुणाकडे तरी बघून हसत होती आणि तो मी नव्हतो.

५

दातवाल्याकडे ही दर सहा महिन्यांनी जाते. येताना हसत येते. दात दाखवून आलेला दुसरा कुणी हसताना पाहिलाय तुम्ही?

मी दाढ दुखते म्हणून गेलो. संशयिताची चौकशी करायची तर त्याच्याच खुर्चीत आडवं पडू नये, हे मला तिथे पडल्यावर कळलं. त्याने माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि एक नळी घातली आणि मगच म्हणाला, "बोला, काय म्हणताय?"

"आआ हीआ ओओ," मी म्हणालो.

"वहिनींचा फोटो ना? आहे माझ्याकडे. घरच्यांसकट क्लासची सहल गेली होती तेव्हाचा."

मला वाटलं, खुर्चीतून उठून नळीसकट पळावं. त्याने हात धुतले आणि समोरच्या पडद्यावर, जिथे दाढांचे एक्स-रे दाखवतो तिथेच, आमच्या हिचा फोटो लावला. त्या दिवशी मी झाडामागे पोस्टमनच्या बुटांत खडे भरत होतो. तेवढ्या वेळात याने माझ्या बायकोचा फोटो काढला होता.

ही थेट लेन्सकडे बघत होती. सरळ, तुमच्या-माझ्या डोळ्यांत. त्याचा कॅमेरा भारी, सगळं स्वच्छ दिसत होतं. नळी काढून मी त्याला डोळा मोठा करायला लावला. आत आभाळ होतं, झाड होतं, आणि कॅमेरा घेतलेला एकच माणूस. दातवाला. दाट केसांसकट.

"म्हणजे बघता येतं तिला लेन्सकडे," मी म्हटलं.

"येतं की. पण हा फोटो पासपोर्टला लावायच्या लायकीचा झालाय." त्याने हातमोजे कचऱ्यात टाकले. "खरं सांगू का? तुमच्या फोटोत त्या जशा दिसतात तशा मला कधी टिपता येणार नाहीत. मी बाईंनाही म्हटलं. तुम्ही समोर असलात की त्यांचा चेहरा वेगळाच होतो."

त्याला वाटलं तो माझी स्तुती करतोय. म्हणजे हा नव्हता. दातवाला असता तर किती बरं झालं असतं. त्याच्या दारावर मी रोज काहीतरी चिकटवलं असतं. आता राग ठेवायला जागाच उरली नाही. तो दुसरा फक्त मी कॅमेरा उचलला की येत होता, आणि ही त्याच्यासाठी फुलत होती.

"दाढ चांगली आहे," दातवाला म्हणाला. "काही झालेलं नाही तुम्हाला."

६

सॉफ्टवेअरमध्ये एक शिक्का असतो. शेजारचा रंग उचलायचा आणि नको त्या जागेवर उमटवायचा. ठिगळच, पण असं की देवालाही शिवण दिसू नये. बाईंनी तो मुरुमं आणि विजेच्या तारा काढायला शिकवला होता. मी त्याने माणूस काढला.

खिडकीचा उजेड उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. मग खांद्यावर. मग छातीवर. पाय राहिले होते थोडा वेळ, नुसते पाय उभे. तेही गेले. डाव्या डोळ्यातून काढला, उजव्यातून काढला. मग दोन्ही बुबुळं केसभर उजवीकडे सरकवली. ही माझ्याकडे बघायला लागली.

इतका आनंद मला बोकडाच्या वेळीही झाला नव्हता.

बाई पहिल्या दिवसापासून ओरडत होत्या, मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढा, प्रतीवर काम करा. पण मी शिंपी. कापड एकच असतं आणि कात्री एकदाच चालते, तेव्हाच हात नीट चालतो. मी मुळावरच काम केलं आणि 'सेव्ह' दाबलं. मग दुसरा फोटो घेतला. मग तिसरा. सहा दिवस दुपारभर बसलो. ही चहा ठेवून जायची, "डोळे जातील तुमचे" म्हणायची. समुद्रावरून काढला त्याला, बाकावरून काढला, बसच्या रांगेतून काढला. इस्पितळातल्या फोटोत ठिपका दिसतही नव्हता, तरी तिथली जागा पुसून घेतली. मग खोक्यातले छापील फोटो फाडले. हो, फाडले. ज्या फोटोत माझी बायको परक्याकडे बघून हसते तो घरात कशाला?

सत्तेचाळीस फोटो आणि सत्तेचाळीस रेघा, सगळ्या सरळ लेन्समध्ये.

सेव्ह केलं की लॅपटॉप एक बारीक आवाज करायचा. आधी नुसता तोच आवाज असायचा. शेवटच्या दिवशी मला दोन वाटले. एक लॅपटॉपचा, आणि एक पाठीमागे, खिडकीपाशी, काहीतरी मिटावं आणि उघडावं तसा. वळून बघितलं. पडदा धुऊन परत लावला होता. तोच हलला असेल.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने चहाचा कप माझ्यासमोर न ठेवता उजवीकडे ठेवला. रिकाम्या खुर्चीपुढे.

"मी इथे आहे," मी म्हटलं.

"दिसतंय की," ही म्हणाली. खुर्चीकडे बघून.

मला वाटलं, गंमत करतेय. जन्मभर माझ्या खोड्या सोसल्या, आता वचपा काढतेय. मी कौतुकाने कप ओढून घेतला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज प्रदर्शनाचा फोटो द्यायचाय ना, की विसरलात?" आणि नजर माझ्या उजव्या कानाच्या पलीकडे, हातभर.

मी उठून खिडकीशी गेलो. नजर आली, पण माझ्यावर नाही आली. माझ्या उजवीकडे येऊन थांबली. मी दारात गेलो, उजवीकडे भिंत लागेल असा चिकटून उभा राहिलो. म्हटलं, आता कुठे बघशील. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "काय नाचताय सकाळी सकाळी?"

"माझ्याकडे बघून बोल."

"तुमच्याकडेच बघतेय."

"माझ्याकडे बघ."

तिने भिंतीकडे आणखी नीट बघितलं. चिंतेने बघितलं. मग हात पुढे करून भिंतीजवळच्या हवेत, कपाळ असावं तितक्या उंचीवर, तळवा ठेवला. "ताप नाही," ती म्हणाली.

तिची बोटं अर्धवट वाकली होती. एखाद्या गोल गोष्टीवर टेकल्यासारखी.

मला तिचा राग आला, हे मी इथे लिहून ठेवतो. भीती नंतर वाटली. आधी राग आला, की माझ्या कपाळाला तिने हात लावून किती वर्षं झाली.

८

मी क्लासला पळालो. मंगळवार होता. डोळ्याच्या धड्याला प्रत्येकाने उघडलेल्या फोटोची प्रत बाईंच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती, त्यात माझा तो फोटो जसाच्या तसा होता. बाकी सगळीकडून मी त्या माणसाला काढला होता, एवढी एक प्रत माझ्या हाताबाहेर राहिली होती.

"पुसलेलं परत आणता येतं का?" मी विचारलं.

"सेव्ह केल्यावर नाही. किती वेळा सांगितलं, काका?"

"बरं. मग याचा अंधार कमी करून द्या. डोळ्यातला."

बाईंनी पट्टी सरकवली. काळ्या आकृत्या आधी करड्या झाल्या, मग त्यांना कपडे आले. मी खिशातून टेप काढली आणि पडद्याला लावली. बाई हसल्या. हसू देत. चेहरा ओळखता येत नसला तरी मला खांदा ओळखता येतो. डावीकडच्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. असा खांदा मशीनवर वाकून वाकून होतो. असल्या खांद्याला आतून भरण घालावं लागतं, नाहीतर कोट एका बाजूला लोंबतो. मी एकाच माणसाच्या कोटात ते भरण घालतो, आणि तो कोट त्या क्षणी माझ्या अंगावर होता.

"हे तर तुम्हीच," बाई म्हणाल्या. "स्वतःला स्वतःच्याच शेजारी उभं केलंत. छान जमलंय हो, पण या वेळी मी फसणार नाही."

"बाई, मी हे केलेलं नाही."

"बोकडाच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

पोस्टमन आणि दातवाला दोघेही हसले. मीही हसलो, लाजेकाजेस्तव. आणि हसता हसता टेप उजवीकडे सरकवली, कॅमेरा घेतलेल्यावर. त्याचे खांदे अगदी सरळ. तोंड कॅमेऱ्याआड. कोपरापासून मनगटापर्यंतचं माप घेतलं, मग परत घेतलं. इतक्या लांब बाहीचं कापड मी जन्मात कुणासाठी कापलं नव्हतं.

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. समुद्रावर बटण मी दाबलं होतं. बोटाला आठवतंय. की वाऱ्यात हात खिशात घालून मी उभा होतो, आणि ही माझ्याकडे बघून हसत होती? दोन्ही आठवायला लागलं. दोन्ही सारखंच खरं वाटायला लागलं.

ज्याच्यावर मी जळत होतो त्याला मी सत्तेचाळीस ठिकाणांहून पुसलं होतं, आणि पुसताना हात जराही थरथरला नव्हता. ही माझ्याकडे बघत होती. सगळ्याच फोटोंत.

९

ती प्रत घेऊन मी घरी आलो. दुपारचे तीन वाजले असतील. ही खिडकीसमोर खुर्चीत बसली होती, निळा स्वेटर घालून. मी बस म्हटलं नव्हतं. कॅमेरा पलीकडच्या टेबलावर होता, त्याच्या पिशवीत.

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि बोट लावून दाखवलं. "हे बघ. तुझ्याच डोळ्यातलं आहे. नीट बघून सांग."

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा मऊ झाला.

"हे तुम्ही," ती म्हणाली. तिचं बोट कॅमेऱ्यावर होतं. लांब हातांवर.

"आणि हा?"

"हा कोण?" तिने लॅपटॉप जवळ घेतला, लांब धरला. डोकं हलवलं. "ओळखीचा नाही वाटत. तुमच्या क्लासमधला आहे का कुणी?"

"अगं, त्याचा खांदा बघ. तो सदरा बघ, त्याची काजं-बटणं तूच केलीयस."

"चिडताय कशाला?" ती माझ्या उजवीकडे बघून समजुतीने म्हणाली. "असेल कुणीतरी. मी काय सगळ्यांना ओळखते?" आणि चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला.

मी तिच्या खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात टेकले आणि वाकलो. इतका, की तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागत होता. इतक्या जवळून माणूस एकाच ठिकाणी बघू शकतो. तरी तिची नजर माझ्या कानावरून गेली. मग मी तिच्या डोळ्यात बघितलं. पडद्यावरचा नाही, खरा, ओला, पापण्या लवणारा डोळा.

आत खिडकी होती. आडव्या पट्टीसकट. वाकलेलं कुणी नव्हतं. खिडकीपुढे एकच माणूस सरळ उभा होता, कोपरं वर, तोंडासमोर कॅमेरा.

माझे दोन्ही हात खुर्चीवर होते. मी ते दाबून बघितले. लाकूड लागत होतं.

"जरा हसू का?" तिने विचारलं.

मी काही बोललो नव्हतो. तिने ऐकून घेतल्यासारखी मान डोलावली, केस कानामागे केले, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. तिथेच थांबला. चाळीस वर्षांत ते हसू मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, कारण मध्ये नेहमी कॅमेरा असायचा. किंवा नसायचा.

माझ्या उजव्या कानाशी बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला.

"हा चांगला आला असणार," ती त्याला म्हणाली.